आधी चिकटा, मग रंग

ताई, स्वयंपाकघरातली लाकडी कपाटं रंगवायची म्हणताय, पण रंगाचा डबा आणायची घाई करू नका. शेगडीवरच्या कपाटाच्या दारावर बोट फिरवून बघा, फोडणीचा पिवळट चिकटा लागेल. तो राहिला की कितीही भारी रंग सोलून निघतो. माझी दोन दारं अशीच वाया गेली, फार जिवाला लागलं.

दारं उतरवा, मागे पेन्सिलीने नंबर टाका. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून पुसा, हातमोजे घालाच. मग साध्या पाण्याचं फडकं मारून पूर्ण वाळू द्या. १८० नंबरचा पॉलिश पेपर मारा. सनमायका असेल तर चकाकी जाईपर्यंत. धूळ पुसून प्रायमर, वर इनॅमलचे दोन पातळ हात.

आणि साताऱ्याच्या पावसात हे काम काढू नका, रंग वाळता वाळत नाही. दिवाळीनंतर घ्या.