‘दिवस हातात राहत नाही’ : घरीच शिकणाऱ्या पाच मुलांच्या घरातला एक अनुभव

"मॅडम, दिवस हातात राहत नाही." गेली काही वर्षं समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या आयांच्या तोंडी हे वाक्य सारखं येतं. नोकरी करणाऱ्या म्हणतात, घरी असणाऱ्याही म्हणतात. पण मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणारी आई हे म्हणते, तेव्हा त्यात भीती मिसळलेली असते. दिवस वाया गेला म्हणजे मुलांचं शिक्षण वाया गेलं, आणि तेही आपल्या निर्णयामुळं, अशी ती भीती. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, पुन्हा उघडल्या, पण काही घरांतली मुलं परत गेलीच नाहीत. सांगली-मिरज भागातही अशी कुटुंबं आहेत. थोडीच आहेत, पण त्यांची काळजी इतकी सारखी असते की त्यातल्या एका घराबद्दल लिहावंसं वाटलं. त्यांची संमती घेतली आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वैशालीताई तासगाव तालुक्यातल्या. एकत्र कुटुंब, द्राक्षबाग, बेदाण्याची शेड. दोघे भाऊ, दोघी जावा, सासरे, आणि घरात पाच मुलं: वैशालीताईंची मुक्ता १३ वर्षांची, ओवी ८ची, राजवीर ३चा, धाकट्या जावेचा अथर्व ११चा आणि स्वरा ६ची. वैशालीताई लग्नाआधी शिक्षिका होत्या, त्यामुळं शिकवण्याचं काम आपसूक त्यांच्याकडं आलं.

पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून एक लॅमिनेट केलेला मोठा कागद काढून टेबलावर पसरला. पाच मुलांचे पाच रकाने, पाच रंग, सकाळी ७ ते संध्याकाळी ५, चाळीस-चाळीस मिनिटांच्या तासिका. मेहनत दिसत होती.

"सातला गणित सुरू व्हायला पाहिजे. प्रत्यक्षात साडेआठ होतात. मग सगळंच पुढं ढकललं जातं. दुपारी मी ओरडते, अथर्व बागेत पळतो, धाकटा रडतो. रात्री अंथरुणावर पडलं की वाटतं, आज काहीच झालं नाही."

"काहीच म्हणजे?"

"ह्यातलं काहीच," त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"आणि ह्याच्या बाहेरचं?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग आठवून आठवून सांगू लागल्या. ओवीनं आदल्या दिवशी आजोबांना पेपरचा अग्रलेख अडखळत का होईना वाचून दाखवला होता. अथर्व शेडमध्ये वजनं करत बसला होता. सांगताना त्यांचा आवाज बदलला होता, पण शेवटी म्हणाल्याच, "पण हा काही अभ्यास नाही ना."

मी सहज विचारलं, "हा कागद घरात लावलाय कुठं?"

"सोप्यात."

"मुलं अभ्यासाला कुठं बसतात?"

"माडीवर."

सोप्यात पाहुणे बसतात. पैपाहुणा, भावकी, बागेचा व्यापारी, सगळे तिथंच टेकतात. मुलांच्या नजरेला न पडणारं वेळापत्रक येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेला पडत होतं. हे मी बोलून दाखवलं नाही. त्यांनीच मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "लोक विचारतात ना, मॅडम."

घरी शिकवणाऱ्या बहुतेक आयांच्या डोक्यावर हा एक अदृश्य पर्यवेक्षक बसलेला असतो. त्याला दाखवायला म्हणून घरात शाळेची नक्कल उभी राहते: घंटा, तासिका, विषयवार वह्या. चाळीस मिनिटांची तासिका ही शाळेची गरज आहे. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाणारे शिक्षक आणि एकाच वयाची चाळीस-पन्नास मुलं सांभाळायची तर ती लागतेच. तीन ते तेरा वयाची पाच मुलं एका छपराखाली असतील तर ती घडी बसणं शक्यच नाही. पाच मुलं गुणिले पाच विषय म्हणजे रोजच्या पंचवीस तासिका एका बाईनं घ्यायच्या. कोण घेईल?

तरीही वेळापत्रकाचा बराचसा भाग रोज पार पडत होता. कसा, ते मला मुक्तेनं सांगितलं.

पुढच्या एका भेटीला मी मुक्तेला सोबत आणायला सांगितलं होतं. शांत मुलगी, विचारल्याशिवाय न बोलणारी, आणि आईच्या पिशवीतून पाण्याची बाटली आईला लागायच्या आत काढून देणारी. माझं काम मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अॅडलरच्या विचारांवर उभं आहे. मुलाकडं सुटं पाहू नये, घरात त्यानं स्वतःची कोणती जागा ठरवून घेतली आहे ते पाहावं, हे मी त्याच्याकडून शिकले. घरातलं थोरलं मूल बरेचदा मोठ्यांच्या बाजूला जाऊन उभं राहतं, घराची शिस्त स्वतःच्या अंगावर घेतं. तसं होईलच असं नाही, पण पाच मुलांच्या घरात थोरलीकडं माझी नजर आधी जाते, ती त्यामुळं.

मी तोच कागद तिच्यासमोर ठेवला आणि पुसता येणारं मार्कर तिच्या हातात दिलं. "तुझ्या रकान्यात जे जे लिहिलंय, त्यातलं खरंच तुझं शिकणं जिथं होतं तिथं खूण कर. जिथं दुसरंच काही होतं, तिथं ते लिही."

तिनं आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "कर की."

तिनं पहिल्या चौकटीपासून सुरुवात केली. गणित: तिथं तिनं लिहिलं, राजवीरचं दूध. विज्ञान: स्वराचं शुद्धलेखन. इंग्रजी: इथं ती थांबली, मग लिहिलं, अथर्वचं गणित तपासणे. दुपारची भाषेची तासिका: ओवीचे पाढे. हात अजिबात थरथरत नव्हता, चेहऱ्यावर तक्रार नव्हती. एखादा कारकून नोंदी उतरवून घेतो तशी ती लिहीत होती. रकाना पाचपर्यंत संपला आणि एकही खूण झाली नव्हती. मग तिनं कागदाच्या खाली, चौकटींच्या बाहेर, लहान अक्षरात लिहिलं, ‘९.३० नंतर’, आणि तिथं खूण केली.

"साडेनऊला काय करतेस?" मी विचारलं.

"सगळी झोपली की चित्रं काढते. कधी गणित. झोप आली नाही तर."

वैशालीताई कागदावरून नजर काढेनात. बराच वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "ही कधी काही बोललीच नाही गं."

मुक्ता पटकन म्हणाली, "आई, तू दमतेस ना."

त्या दोन वाक्यांत त्या घराची सगळी व्यवस्था होती. ‘पाच मुलांना एकाच वेळी कसं शिकवायचं’ हा प्रश्न घेऊन आलेल्या आईला त्याचं उत्तर घरात आधीच सापडलेलं होतं, फक्त ते तिला दिसत नव्हतं. उत्तर होतं मुक्ता. आणि अथर्व ‘ऐकत नाही’ ही जी तक्रार पहिल्या दिवसापासून होती, तीही इथंच उलगडली. ११ वर्षांच्या मुलाची वही दोन वर्षांनी मोठी बहीण लाल पेनानं तपासते, तेव्हा तो बागेत पळतो, यात नवल नाही. अॅडलरचे शिष्य ड्रायकर्स सांगत की वाईट वागणारं मूल हे खचलेलं मूल असतं. बागेत अथर्व खचलेला नव्हता, म्हणून तो तिकडं पळत होता.

मी वैशालीताईंना वेळापत्रक बदलायला सांगितलं नाही. दोनच गोष्टी सांगितल्या. मुक्तेनं कुणाचीही वही तपासायची नाही. आणि सकाळचा पहिला दीड तास मुक्तेचा. त्या वेळात तिला हाक मारायची नाही, राजवीर रडला तरी.

"मग राजवीरचं कोण बघणार?"

"हा प्रश्न घरात मोठ्यानं विचारा," मी म्हटलं.

विचारला. जाऊबाई म्हणाल्या, मी बघते की, मला कुणी सांगितलंच नव्हतं.

लहान मूल मध्ये असेल तर शिकवणं कसं करायचं, हे जवळपास प्रत्येक आई विचारते. उलटा क्रम लावून पाहा. आधी मोठ्यांचं आटपून मग धाकट्याकडं वळायचं ठरवलं, तर तो मोठ्यांचं काहीच आटपू देत नाही. दिवसाच्या सुरुवातीलाच पंधरा-वीस मिनिटं फक्त त्याची, मांडीवर घेऊन, फोन बाजूला ठेवून. पोट आणि मन भरलेलं तीन वर्षांचं मूल त्यानंतर डाळीचे डबे घेऊन बराच वेळ रमतं.

बाकीची घडी हळूहळू बसली. जे एकत्र होतं ते एकत्र: इतिहास, परिसर, विज्ञान, गोष्टींचं वाचन. जेवणानंतर मोठ्यांपैकी एक जण मोठ्यानं वाचतं, पाचही मुलं ऐकतात. मग स्वरा चित्र काढते, ओवी चार ओळी लिहिते, अथर्व नि मुक्ता पानभर. वेगळं बसावं लागतं ते फक्त गणिताला आणि लिहिण्या-वाचण्याला. घड्याळाचे आकडे काढून टाकले, क्रम ठेवला: न्याहारीनंतर हे, जेवणानंतर ते. क्रम असला की दिवस उशिरा सुरू झाला तरी कोलमडत नाही.

वर्षाचं नियोजन बागेच्या हातात दिलं. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, जानेवारीपासूनची काढणी आणि त्यामागून बेदाणा. या दिवसांत घरातलं मोठं माणूस मोकळं नसतं, तर पुस्तकी अभ्यास त्या काळात निम्म्यावर आणायचा आणि पावसाळ्यात भरून काढायचा. मुलं त्या दिवसांत शिकत नाहीत असं मात्र नाही. अथर्वनं शेडमधला एक ट्रे स्वतःचा म्हणून घेतला. रोज संध्याकाळी वजन, वहीत नोंद, आलेखाच्या कागदावर ठिपका. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो हे त्याला लहानपणापासून ऐकून माहीत होतं. ते वजन आधी भराभर आणि नंतर सावकाश का उतरतं, हा प्रश्न त्याला त्या आलेखावरून पडला. गुणोत्तर आणि टक्केवारीचे दोन धडे त्यानं कुणी न सांगता तिथं वापरले. वैशालीताईंनी तो आलेख मला आणून दाखवला. ‘हा काही अभ्यास नाही ना’ हे वाक्य त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

मुलांचे आजोबा, आबा, एकदा स्वतःहून आले. दारातच म्हणाले, "बाई, मी रयतच्या साळंत शिकलो म्हणून सोसायटीत शेक्रेटरी झालो. साळंनं आमास्नी माणसांत आणलं. आन आता माझीच नातवंडं साळा सोडून घरात बसल्यात. लोकं इचारत्यात, दाखला कुठनं आणणार?"

घरात त्यांचा विरोध ‘जुन्या विचारांचे’ म्हणून बाजूला सारला गेला होता. त्यांचं दुखणं मला वेगळं दिसलं. ज्या शाळेनं त्यांना उभं केलं, तिचा आपल्याच घरात अपमान झाला असं त्यांना वाटत होतं. मी त्यांना त्यांच्या शाळेबद्दलच विचारत गेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथं सगळ्या जातींची, वेगवेगळ्या वयांची मुलं एकत्र राहून स्वयंपाकापासूनची कामं करत शिकत. आबा त्यांच्या वसतिगृहातल्या भाकरीपर्यंत पोचले आणि खुलले. मी विचारलं, "आबा, सोसायटीचा जमाखर्च तुम्ही किती वर्षं लिहिलात! नातवंडांना शिकवाल?" आता आठवड्यातून दोन संध्याकाळी खतावणी आबांकडं. अथर्व तिथून पळत नाही.

दाखल्याचा प्रश्न मात्र खरा आहे, त्याला भावनेनं उत्तर देऊन चालत नाही. शिक्षणहक्काचा कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे आणि घरी शिकवण्याची वेगळी तरतूद त्यात नाही. उद्या मूल शाळेत परत जायचं म्हणालं, तर वयाला साजेशा वर्गात प्रवेशाची सोय त्याच कायद्यात आहे. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची परीक्षा १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, मराठी माध्यमातूनही. राज्य मंडळाकडं १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसण्याचा मार्ग आहे. त्याच्या अटी त्या त्या वर्षीच्या सूचनेत वाचून घ्याव्यात. प्रत्येक मुलाची एक फाइल ठेवा: जन्मदाखला, आधी शाळेत असेल तर तिथला दाखला, आणि महिन्याच्या कामाचे दोन-चार नमुने तारीख घालून. सोप्यात लावलेल्या वेळापत्रकापेक्षा ही फाइल अधिक कामाची.

मी या घराला सुचवलेली आणि टिकलेली गोष्ट म्हणजे रविवार रात्रीची घरबैठक. ती ड्रायकर्सची देणगी आहे आणि माझ्या कामात मला तिचा पुनःपुन्हा प्रत्यय आला आहे. सगळे बसतात, राजवीरसुद्धा. आठवडा कसा गेला, पुढच्या आठवड्यात कुणाला काय हवंय, कोण काय करणार, हे ठरतं. अध्यक्ष दर आठवड्याला वेगळा, वहीत लिहिणारा वेगळा. मोठ्यांनी त्यात उपदेश करायचा नाही, एवढा एकच नियम मी कडक ठेवायला सांगते. पहिल्या काही बैठका रटाळ होतात. सोडू नका. मुलांना आपलं म्हणणं वहीत उतरतं आणि त्याप्रमाणं घर हलतं, हा अनुभव यायला थोडे रविवार जावे लागतात. नियोजनाचा भार आईच्या डोक्यातून त्या वहीत उतरतो, तेव्हाच तिला रात्री झोप लागते. वैशालीताईंची गुरुवारची दुपारही त्याच वहीत लिहिलेली आहे: ‘आईला सुट्टी’. सूचना स्वराची होती.

मुक्तेला पुढच्या वर्षी १४ पूर्ण होतील. एनआयओएसला पाच विषय लागतात, त्यात एक तरी भाषा. तिनं स्वतः निवडले: मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान, चित्रकला. तिच्या पप्पांना चित्रकलेच्या जागी सामाजिक शास्त्र हवंय. एका बैठकीत हा विषय निघाला आणि अर्धवट राहिला. वैशालीताईंनी मला विचारलं, "मॅडम, तुम्हीच सांगा ना त्यांना." मी म्हटलं, हे मुक्तेला तिच्या पप्पांशी बोलू द्या, तुम्ही प्रवेशाची मुदत तेवढी बघून ठेवा.