बँडचा संच आणि नावातला ‘स’

प्रश्न असा आला आहे: ‘स्वेन-इंगवार्स’ या जुन्या स्वीडिश डान्सबँडवर मराठीत लिहिताना ‘लाइनअप बदलला’ याला काय म्हणावं? चमू, ताफा की फड?

मी ‘संच’ लिहीन. नाटकाच्या जाहिरातीत ‘नव्या संचात’ असं असतं ना? नाटक तेच, माणसं वेगळी. इथेही नेमकं तेवढंच सांगायचं आहे. शिवाय ‘मूळ संचातला गायक’ असं सहज म्हणता येतं. ‘मूळ चमूतला’ म्हटलं की क्रिकेटचा दौरा आठवतो. ताफा एके काळी कलावंतिणींचा असे, आता मंत्र्यांच्या गाड्यांचा असतो. फड मला मनापासून आवडतो, पण तो उच्चारला की कानात ढोलकी वाजते, आणि इथे आहेत सॅक्सोफोन आणि गिटार.

आपल्याकडे ‘बँड’ म्हणजे वरातीचा, म्हणून लेखात एक वाक्य खर्च करा: डान्सबँड हा जोडीजोडीने नाचणाऱ्यांसाठी वाजवतो. रिवाज असा की एका जोडीदाराबरोबर लागोपाठ दोन गाणी नाचायची, मग आभार मानून दुसरा जोडीदार.

आता नाव, कारण खरी गंमत तिथेच आहे. हा बँड १९५६ साली वेर्मलांड प्रांतातल्या स्लोट्सब्रूनमध्ये निघाला. स्वेन आणि इंगवार ही संस्थापकांची नावं, आणि शेवटचा ‘स’ म्हणजे स्वीडिश षष्ठी, आपला चा-ची-चे. म्हणजे ‘स्वेन-इंगवारांचे’. कोणाचे ते सांगितलं, काय ते गिळलं. आपण नाही का विचारत, ‘देशपांड्यांचे आले का?’ तसंच. ‘थूरलेइफ्स’ या दुसऱ्या डान्सबँडचं नावही याच घडणीचं.

अशा नावाची खोड अशी की माणूस गेला तरी मालकी त्याचीच राहते. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये वारले. तरी बालगंधर्व १९०५ मध्ये दाखल झाले ते किर्लोस्कर मंडळीतच. स्वेन-इंगवार्सचा वर्षानुवर्षांचा गायक स्वेन-एरिक माग्नुसोन २०१७ मध्ये गेला, पुढे त्याचा मुलगा ओस्कार गाऊ लागला. पाटी तीच. इथे ‘संच बदलला’ बरोबर बसतं. ‘बँड बदलला’ लिहिलंत तर चूक होईल.

प्रश्नाचं शेपूट असं, की ‘स्वेन-इंगवार्सचा’ म्हणजे षष्ठीवर षष्ठी नाही का? आहे. पण तो ‘स’ मराठी वाचकाला षष्ठी म्हणून ऐकूच येत नाही, त्यामुळे खुशाल लिहा. ‘विकिंगार्ना’ या आणखी एका स्वीडिश डान्सबँडचं नाव मात्र मूळचं अनेकवचन, ‘ते व्हायकिंग’ अशा अर्थाचं. तिथे ‘विकिंगार्नाने’ की ‘विकिंगार्नांनी’? मी ‘विकिंगार्नाने’च लिहितो, मराठीत बँड एकच.