बायोडेटातला जादा 'एस'

तुझा बायोडेटा अंबडहून घरी येताना बसमध्येच वाचला. बाकी ठीक आहे, पण दुसऱ्याच ओळीत 'बॅचलर्स ऑफ कॉमर्स' लिहिलंयस. तो 'एस' आधी खोड. पदवीचं पूर्ण नाव 'बॅचलर ऑफ कॉमर्स', बी आणि सी कॅपिटल. नाव न घेता नुसती पदवी सांगायची असेल तर 'बॅचलर्स डिग्री'. तिथे बी लहान आणि 'आर' व 'एस'च्या मध्ये अपॉस्ट्रॉफी, म्हणजे तो वर लटकणारा स्वल्पविराम, हवीच. बॅचलर'ची' पदवी ना? मग आपला तो 'ची' म्हणजेच अपॉस्ट्रॉफी-एस. 'मास्टर्स'लाही हेच.

मुक्त विद्यापीठातून एमए केल्यावर मी ती अपॉस्ट्रॉफी 'एस'च्या पुढे टाकली होती. साहेबांनी लाल पेनाने गोल केलेला तो अर्ज अजून माझ्या फायलीत आहे.

आणि ते '२०२३ पासआउट' काढ बाबा. सातपूरपासून सिन्नरपर्यंत सगळ्यांना कळतं, पण परदेशी क्लायंटला वाटेल, पोरगा चक्कर येऊन पडला! 'ग्रॅज्युएटेड इन २०२३' लिही. कॉलेजच्या नावाआधी 'फ्रॉम' घाल. टक्के राहू देत तसेच.