पीट रोझ, जुगार आणि हॉल ऑफ फेम: तुमचे प्रश्न

प्रश्न: रोझ स्वतःची टीम जिंकेल यावरच पैसे लावायचा ना? मग आजन्म बंदी कशाला?

उत्तर: हा प्रश्न खूप जणांनी विचारलाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रोझ तेव्हा अमेरिकेतल्या सिनसिनाटी रेड्स या बेसबॉल टीमचा मॅनेजर होता, म्हणजे आज कोण खेळणार, कुठला पिचर (बॉल टाकणारा) कधी आणायचा हे सगळं तोच ठरवणार. आता ज्या मॅचवर स्वतःचे पैसे लागलेत ती काढायला दमलेल्या पिचरलाही आणायचा मोह होणारच, मग उद्या त्या पोराचा हात दुखावला तरी. आणि ज्या दिवशी तो पैसे लावत नाही त्या दिवशी बुकीला न सांगता कळतं की आज मॅनेजरलाच भरवसा नाहीये. वर उधारी झाली की मॅनेजर बुकीच्या मुठीत. म्हणून बेसबॉल लीगच्या नियम 21 मध्ये जिंकण्यावर की हरण्यावर असा भेदच नाही, आपल्या टीमच्या मॅचवर पैसे लावले की कायमची बंदी, आणि हा नियम प्रत्येक क्लबहाऊसमध्ये लावलेला असतो. लीगने वकील डाउडकडून केलेल्या चौकशीत, त्याने पैसे लावलेल्या रेड्सच्या 52 मॅच एकट्या 1987 च्या सीझनमधल्या निघाल्या. ऑगस्ट 1989 मध्ये बंदी आली आणि तो 2004 पर्यंत बेसबॉलवर पैसे लावलेच नाहीत म्हणत राहिला, मला त्याचाच जास्त राग येतो.

प्रश्न: बंदी लीगची, मग हॉल ऑफ फेम का बंद?

उत्तर: कूपर्सटाउनचं हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर लोकांचा सन्मान करणारं संग्रहालय, ही लीगपेक्षा वेगळी संस्था आहे. त्यांनी 1991 मध्ये नियम केला की लीगच्या अपात्र यादीतल्या माणसाचं नाव मतपत्रिकेवर येणारच नाही, रोझचं नाव येण्याच्या बरोबर आधी. हे मला पटत नाही. लीगची बंदी योग्यच होती, पण खेळाडू म्हणून 4,256 हिट्स (बॉल मारून बेस गाठणं) मारलेल्या माणसाला सन्मान द्यायचा की नाही हे मत देणाऱ्यांनीच ठरवायला हवं होतं.

प्रश्न: शूलेस जो जॅक्सन तर कोर्टातून सुटला होता?

उत्तर: हो, 1919 ची वर्ल्ड सिरीज (लीगची फायनल) हरण्यासाठी पैसे घेतल्याच्या केसमध्ये जॅक्सन आणि त्याच्या शिकागो व्हाइट सॉक्स टीमचे खेळाडू ऑगस्ट 1921 मध्ये निर्दोष सुटले, पण दुसऱ्याच दिवशी कमिशनर (बेसबॉलचे प्रमुख) लँडिसनी आठही जणांना कायमचं बाहेर काढलं. जॅक्सनने त्या सिरीजमध्ये 12 हिट्स मारल्या, .375 ची सरासरी, हे खरंच. पण 5,000 डॉलर घेतल्याचं त्याने ग्रँड ज्युरीसमोर सांगितलं होतं, ते कसं विसरायचं?

प्रश्न: आता रोझ आणि जॅक्सन हॉल ऑफ फेममध्ये येतील का?

उत्तर: रोझ सप्टेंबर 2024 मध्ये गेला. मे 2025 मध्ये कमिशनर मॅनफ्रेडनी ठरवलं की कायमची बंदी मृत्यूबरोबर संपते, त्यामुळे दोघंही अपात्र यादीतून निघाले. पण यादीतून निघाला म्हणजे आत आला असं नाही, जुन्या काळातल्या खेळाडूंचा विचार करणारी हॉलची कमिटी डिसेंबर 2027 मध्ये बसणार, त्याआधी नाव मतपत्रिकेवर यायला हवं आणि मग 16 पैकी 12 मतं. माझं मत असतं तर रोझला खेळाडू म्हणून दिलं असतं, जॅक्सनला नाही.