लाईट गेल्यावर नेमकं काय चालू राहायला पाहिजे?

सोलर, बॅटरी आणि इलेक्ट्रिक रिक्षाबद्दल तुमचे प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी सगळीकडून पत्रं आली. त्यातली पाच इथं घेतलीत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून कुणाचंच छापलेलं नाही. मी विजेच्या लाईनवर नोकरी केलेला माणूस आहे, त्यामुळं उत्तरं त्याच अंगानं येणार.

प्रश्न : काका नमस्कार. निपाणीत आमची विडी कामगारांची तीन मजली बिल्डिंग आहे, चोवीस घरं. गच्चीवर सोलर बसवून दीड वर्ष झालं. कॉमन मीटरचं बिल कमी आलं ते खरं, पण करंट गेला की जिन्यात अंधार, आणि भर दुपारी कडक ऊन असताना सुद्धा सगळं बंद! बसवणारा म्हणतोय अजून 5 किलोवॅट पॅनेल घाला म्हणजे चालेल. खालच्या मजल्यावर एक आजी ऑक्सिजनच्या मशीनवर असतात, त्यांच्यासाठी तरी काहीतरी करायलाच पाहिजे. घरटी दोन हजाराच्या वर वर्गणी निघणार नाही.

ताई, पहिलं म्हणजे अजून पॅनेल घेऊ नका. तुमचं सोलर बिघडलेलं नाही, ते मुद्दाम बंद होतंय. बॅटरी नसलेला साधा ग्रिडवाला (म्हणजे लाईनला जोडलेला) इन्व्हर्टर लाईनकडं बघून चालतो, लाईन गेली की तो पण स्वतःला बंद करतो, कारण नाहीतर तुमच्या गच्चीवरचा करंट उलटा रस्त्यावरच्या तारेत जाईल आणि तिथं खांबावर माणूस चढलेला असेल. हा नियम बरोबरच आहे, मी त्याच्या बाजूनंच बोलणार. पण पाच काय पन्नास किलोवॅट घातलं तरी लाईट गेल्यावर ते असंच बंद राहणार, हे तुम्हाला बसवतानाच सांगायला पाहिजे होतं. सरकारची सबसिडी पॅनेलच्या किलोवॅटवर मिळते (सोसायटीच्या कॉमन वापराला पीएम सूर्यघरमध्ये किलोवॅटमागं 18,000), म्हणून पॅनेलचीच बोलणी जास्त होतात. तुम्हाला लागणाऱ्या दोन वस्तू म्हणजे बॅटरी आणि ती सांभाळणारा हायब्रीड इन्व्हर्टर. पॅनेल आहेत तीच राहू देत.

आता कुठली बॅटरी हे विचारायच्या आधी वही घ्या, आणि लाईट गेल्यावर काय बंद पडलं तर खरंच अडतं तेवढंच लिहा. टीव्ही, मिक्सर, इस्त्री, गिझर यातलं काहीही नको. आजींचं मशीन पाच लिटरचं असेल तर साधारण 350 वॅट घेतं. जिन्यात 9 वॅटचे बारा बल्ब म्हणजे 108. दोन्ही मिळून साडेचारशेच्या आसपास, चार तास चालवलं तर दोन युनिटच्या आत. याला 24 व्होल्टची 100 अँपिअर-अवरची एक लिथियम (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी पुरते, तिच्यात अडीच युनिट मावतात. एवढंच आधी करा, वर्गणीचे 48 हजार त्याच्यावर लावा. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हच घ्यायचा, स्वस्तातला चौकोनी वेव्हवाला त्या मशीनला सोसत नाही. आणि ही लहान सिस्टीम पुढं मोठी आली तरी वेगळीच ठेवा, म्हणजे मोठीत काही बिघडलं तरी आजींचं मशीन चालू राहील. त्यांच्या घरात एक भरलेला ऑक्सिजन सिलिंडर पण ठेवाच, डॉक्टरांना विचारून तो कसा लावायचा ते घरातल्या दोघांना तरी शिकवून घ्या. बॅटरी संपू शकते, मशीन पण बंद पडू शकतं.

दुसरा टप्पा घरांचा. प्रत्येक घरात एक बल्ब आणि एक पंखा धरू. साधा पंखा 75 वॅट खातो, चोवीस घरांचे मिळून दोन किलोवॅट झाले, चार तासाला आठ युनिट, आणि वाया जाणारं धरून 5 युनिटच्या दोन बॅटऱ्या लागतात. तेच पंखे बीएलडीसी (कमी करंट खाणाऱ्या मोटरचे) घेतले तर तीस वॅटच्या आसपास, मग हिशोब चार युनिटच्या खाली येतो आणि एका बॅटरीत भागतं, ते पण जेमतेम, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे पंखे बदलायला दिलेला पैसा बॅटरीत वाचतो, हे मी कितीजणांना सांगितलं पण पंख्याकडं कुणी बघतच नाही. सगळ्यांनी एकदम बदलायची पण गरज नाही, ज्याचा जळेल त्यानं नवा तो घ्यायचा असं मीटिंगमध्ये ठरवून टाका, दोन उन्हाळ्यात बरेच बदलून होतील.

या बल्ब-पंख्याची वायर घरागणिक वेगळी ओढा आणि त्यावर एक अँपिअरचा एमसीबी बसवा. कुणी त्यात शेगडी लावली तर त्याचाच एमसीबी पडेल, बाकीच्या तेवीस घरांना त्रास नाही. हे न करता नुसत्या विश्वासावर सोडलेल्या बिल्डिंगा मी बघितल्यात, पहिल्याच महिन्यात भांडणं होतात आणि मग बॅटरी तशीच पडून राहते.

पाण्याची मोटर यादीत धरलेली नाही, मुद्दाम. 3 एचपीची मोटर चालू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, तिच्यासाठी इन्व्हर्टर मोठा, खर्च मोठा. त्यापेक्षा सोलर दुपारी जोरात असतं तेव्हाच मोटर लावून वरची टाकी रोज भरून घ्या. भरलेली टाकी ही पण बॅटरीच आहे, आणि ती तुमच्याकडं आधीच आहे.

एक शेवटचं. घरोघरचं बिल कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत (200 युनिटपर्यंत) शून्य येत असेल तर घरागणिक सोलर घ्या म्हणजे बिल वाचेल हे कुणी सांगितलं तरी त्यात पडू नका. शून्यातून काय वाचणार?

प्रश्न : खानापूर तालुक्यात पश्चिमेकडं जंगलाच्या काठाला आमचं गाव. मंडळानं वर्गणी काढून इलेक्ट्रिक रिक्षा घेतली, डायलिसिसचे दोन पेशंट, म्हातारी माणसं आणि दहावीची पोरं यांना तालुक्याला ने-आण करतो. एका बाजूनं 22 किलोमीटर. पावसात झाड पडलं की दोन-दोन दिवस करंट नाही, मग रिक्षा दारात उभी. सोलरवर चार्जिंग होईल का?

दादा, तुमच्या मंडळानं केलंय ते फार मोलाचं काम आहे, म्हणून गोड बोलून फसवत नाही. उन्हाळ्यात होईल, आषाढात होणार नाही.

हिशोब असा. तुमच्या रिक्षाची बॅटरी सात-आठ युनिटची असणार. जाऊन येऊन 44 किलोमीटर, चढ आणि चिखल धरून चार युनिट धरा. 3 किलोवॅटचं छप्पर स्वच्छ ऊन असेल तर दिवसाला बारा युनिट देतं, म्हणजे दोन फेऱ्या आरामात. पण तुमच्याकडं पाऊस लागला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही हे मी तुम्हाला काय सांगू, तेव्हा तेच छप्पर तीन-चार युनिट दिलं तरी खूप. आणि करंट नेमका त्याच दिवसांत जातो. सोलर बसवणारा कधी एप्रिलमध्ये येऊन मीटर दाखवत असेल तर त्याला म्हणावं जुलैमध्ये येऊन दाखव.

मग करायचं काय? सगळ्यात आधी चार्जिंगची सवय बदला. बरेच जण बॅटरी खाली गेल्यावर लावतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत रिक्षा आली की लगेच लावायची, अर्धी असली तरी लावायची, संध्याकाळी वारं सुटलंय बघून तर धावत जाऊन लावायची. डायलिसिसच्या आदल्या रात्री ती पूर्ण भरलेलीच पाहिजे आणि त्या रात्री दुसरं कुठलंही भाडं घ्यायचं नाही, मग कितीही जवळच्या माणसानं मागू दे. भरलेल्या बॅटरीत एक फेरी होऊन थोडं शिल्लक राहतंय, म्हणजे दोन दिवस लाईट नसली तरी एक पेशंट जाऊन येतो. दोन्ही पेशंटचे वार आणि वेळ एकच मिळतात का ते दवाखान्यात विचारा, मिळाले तर एका फेरीत दोघं. हे फुकटचं आहे आणि सोलरपेक्षा जास्त कामाला येतं.

तालुक्याच्या गावात पण एक चार्जिंगची जागा करून ठेवा. पेशंट चार तास आत असतो तेव्हा रिक्षा बाहेर नुसती उभी असते. ओळखीचं दुकान, देवळाचा हॉल, कुठंही 15 अँपिअरचा सॉकेट आणि पक्कं अर्थिंग असलं की झालं, चार तासात बरीच भरते. गावात लाईट नसली म्हणून तालुक्याला पण नसेल असं नाही, बऱ्याचदा तिथं आधी येते.

सोलर घ्यायचंच तर शाळेच्या किंवा पंचायतीच्या छपरावर घ्या, सोबत 5 युनिटची बॅटरी. पावसाळा सोडून बाकीचे महिने रिक्षा त्याच्यावर चालेल आणि पावसात गावात अंधार असताना निदान मोबाईल चार्ज करायला, रात्री कुणाला नेब्युलायझर द्यायला एक उजेडाची जागा राहील. आणि कुणाची जुनी डिझेल जीप असेल तर ती एवढ्यात विकू देऊ नका. महिन्यातून एकदा चालू करून बघायची, डिझेल भरलेलं ठेवायचं. धूर नको हे मला पण पटतं, पण डायलिसिस चुकवून चालत नाही.

प्रश्न : चिकोडी तालुक्यात नदीकाठी आश्रय कॉलनीत राहतो. समाज मंदिरात बॅटरी बॅकअप मंजूर झालाय. तळमजल्यावर खोली रिकामी आहे, तिथं ठेवू का?

2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आलं होतं त्याची भिंतीवरची खूण तुमच्यातल्या कुणालाही विचारा, दाखवतील. त्याच्यावर निदान एक हात उंच जागा बघा. बॅटरी, इन्व्हर्टर, बोर्ड तिन्ही. जिन्याच्या वळणावर लोखंडी स्टँड करून घेतलं तरी चालतं. महापुरात समाज मंदिरातच माणसं येऊन राहतात ना, मग तिथली बॅटरी पहिल्या फटक्यात पाण्यात जाऊन कसं चालेल. आणि कधी भिजलीच तर वाळवून चालू करून बघू असं अजिबात करू नका, आतून शॉर्ट होऊन नंतर पेटू शकते.

प्रश्न : वडगावात आमचे दोन पॉवरलूम. ओळखीचा एकजण ई-रिक्षातून काढलेल्या बॅटऱ्या स्वस्तात देतोय. लाईट गेल्यावर माग चालवता येतील का?

माग नाही चालणार. रिक्षातून काढलेली लेड-ॲसिड बॅटरी म्हणजे तिची ताकद गेली म्हणूनच काढलेली असते. आणि त्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, तुमच्याकडं माग आणि घर एकाच खोलीत असेल तर सूत, कापसाची धूळ आणि तो गॅस एकत्र, हे विचारच नको. बल्ब आणि फोनपुरती लहान नवी एलएफपी घ्या, बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) असलेली. जुन्या बॅटऱ्या स्वस्त नाहीत हो, वर्षभरात परत घ्याव्या लागतात.

प्रश्न : लग्नाला, गणपतीला कॉलनीत भाड्यानं जनरेटर आणतो. दोन्ही टोकांना पिन असलेली केबल करून एका घराच्या सॉकेटमध्ये लावली की सगळीकडं लाईट येते. मेन स्विच बंद करतोच. आता सोलर बॅटरी पण तशीच जोडायची म्हणतायत, चालेल का?

नाही, नाही आणि नाही.

एक पावसाळ्यातली रात्र सांगतो. 11 हजार व्होल्टची लाईन बंद केलेली, सबस्टेशनवरून फोन करून खात्री केलेली. मी खांबावर, खाली माझा जोडीदार. तारेला हात लावायच्या आधी अर्थिंगची काठी (तारेत करंट असला तर तो जमिनीत सोडणारी) लावायची असते, वैताग येतो, पाऊस डोळ्यात जातो, पण लावायची. मी काठी टेकवली आणि ठिणगी पडली. बंद लाईनवर. खालच्या वस्तीत कुणीतरी तुमच्यासारखीच केबल लावली होती आणि मेन बंद करायला विसरला होता. जनरेटरचा करंट ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटा शिरला की तो ट्रान्सफॉर्मर त्याला परत हजारो व्होल्ट करून वर तारेत चढवतो. त्या रात्री काठी लावायचा कंटाळा केला असता तर हे उत्तर लिहायला मी नसतो.

तुम्ही मेन बंद करता हे खरं असेल, पण एखाद्या दिवशी तुम्ही गावाला गेलेले असता आणि केबल दुसराच कुणी लावतो. शिवाय ती केबल एका बाजूनं लावलेली असताना दुसऱ्या टोकाच्या पिना उघड्या असतात, आणि कॉलनीत लहान पोरं असतात. लायसन्सवाल्या वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, त्यात एकतर लाईन नाहीतर जनरेटर, दोन्ही एकदम जोडताच येत नाही. सोलरची बॅटरी पण तशाच पद्धतीनं. तोवर जनरेटरवरून थेट एक्स्टेन्शन बोर्ड ओढा आणि मांडवातले दिवे त्याच्यावर लावा. ती दोन पिनांची केबल आजच मधोमध कापून टाका, गुंडाळून माळ्यावर ठेवू नका.