"कायदाच नाही" म्हणण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वैतागली होतीस. "सर, ई-स्कूटरच्या बॅटऱ्यांवर कायदाच नाही, दावा कशाच्या जोरावर लावू?" खालच्या गाळ्यात डझनभर बॅटऱ्या चार्जिंगला, त्यातल्या एकीने पेट घेतला आणि वरचं आपल्या पक्षकाराचं घर काळं झालं. बॅटरी नवी आहे गं, भानगड जुनीच.

४ डिसेंबर १९८५ ला दिल्लीत श्रीरामच्या कारखान्यातून ओलियम, म्हणजे जहाल गंधकाम्ल, गळला. भोपाळला जेमतेम वर्ष झालेलं. हाताशी होता तो इंग्लंडचा १८६८ चा निकाल, रायलँड्स विरुद्ध फ्लेचर. गिरणीमालकाच्या तलावाचं पाणी शेजारच्या खाणीत शिरलं, चूक नसली तरी भरपाई मालकावर. पण त्या नियमाला पळवाटा होत्या: दैवी आपत्ती, तिऱ्हाइताचं कृत्य. न्या. भगवतींच्या घटनापीठाने डिसेंबर १९८६ मध्ये धोकादायक उद्योगांपुरत्या त्या बुजवल्या. का, ते नीट वाच. नफा ज्याचा आणि धोक्याची खरी माहिती ज्याच्याकडे, भार त्याने उचलायचा. तुझ्या गाळेवाल्याला हे लावून बघ. तो म्हणेल, मी कुठला रासायनिक कारखाना? त्याचं उत्तर तयार हवं.

आणि हुरळू नकोस. त्या निकालात भरपाईचा एक पैसाही दिलेला नाही. दिल्लीच्या विधी साहाय्य मंडळाला दावे लावायला सांगितलं, इतकंच. त्यावरच बोट ठेवून १९९१ मध्ये भोपाळ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयातच म्हटलं गेलं, हे तर ऑबिटर, म्हणजे निकालातलं ओघात केलेलं, बंधनकारक नसलेलं भाष्य. १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडी गावच्या, कारखान्यांनी नासवलेल्या विहिरींच्या प्रकरणात ते तत्त्व बंधनकारक ठरलं. समोरचे वकील १९९१ काढतील, तू १९९६ च्या पानाला खूण घालून ठेव.

संसद आली तीही १९९१ मध्येच, सार्वजनिक दायित्व विमा कायदा घेऊन. चूक सिद्ध करायची गरज नाही, कलेक्टरकडे अर्ज, मृत्यूसाठी तेव्हा २५,००० रुपये. रक्कम मला तेव्हाही तुटपुंजी वाटली. पण धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्या उद्योगांवर विम्याची सक्ती आणि अर्ज घ्यायला एक ठरलेलं टेबल, हे कोर्टाला एका निकालात उभं करता येत नाही. मात्र हा कायदा अधिसूचित पदार्थ ठरावीक साठ्यापेक्षा जास्त असले तरच लागतो.

म्हणून आधी गाळ्यात नेमकं काय आणि किती होतं ते शोध. अग्निशमन दलाचा अहवाल काढ. सोमवारी येताना पंचनाम्याची प्रत आण, मागच्या वेळसारखी शेवटचं पान नसलेली नको.