राइडचा बार लागला नाही. दाद कशाची मागायची?

प्रश्न: मी सोलापुरात विजापूर रोडला राहते, घरीच शिवणकाम करते. दिवाळीच्या सुट्टीत भाऊ, भावजय आणि मुलांबरोबर बाहेरगावच्या एका मोठ्या थीम पार्कला गेले होते. तिकिटं ऑनलाइन काढलेली. माझं वजन १०४ किलो आहे, थायरॉइडचा त्रास आहे. मोठ्या राइडच्या रांगेत जवळजवळ दोन तास उभं राहून नंबर आला, तर खांद्यावरून खाली येणारा बार लागेना. तिथल्या दोन मुलांनी जोर लावून दाबला. ‘मॅडम, पोट आत घ्या,’ म्हणाले. शेवटी एकानं माइकवरून सांगितलं, ‘मॅडमना उतरवा, बसत नाहीत.’ लोक हसले. माझा अकरा वर्षांचा मुलगा रडत माझ्यामागं उतरला. कुणीतरी व्हिडिओ काढून रील टाकली आणि ती फिरत फिरत आमच्या भावकीच्या ग्रुपवरही आली. ऑफिसात पैसे मागितले तर तिकिटामागचा बारीक मजकूर दाखवला: ‘काही राइड्सवर शारीरिक निर्बंध लागू. पैसे परत मिळणार नाहीत.’ भाऊ म्हणतो, केस केलीस तर अजून हसं होईल. जाड माणसाला असं उतरवणं कायद्यात बसतं का? त्यांना मोठी आसनं बसवायला लावता येईल का?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या आधी सोडवू. तुम्हाला राइडवर बसू दिलं नाही ही एक. ते ज्या तऱ्हेनं झालं आणि ज्या वेळी कळलं, ही दुसरी. पहिलीत तुमची बाजू लंगडी आहे. दुसरीत ती भक्कम आहे, आणि पार्कला पाठवायची नोटीस त्याच पायावर लिहायची.

बार लागला नाही म्हणून राइड सोडली नाही, हे पार्कनं बरोबरच केलं. हे वाचून वाईट वाटेल, पण कारण समजून घ्या. अशा राइडमध्ये माणूस आसनात टिकून राहतो तो त्या बारच्या भरवशावर. गाडी चढावरून एकदम खाली झेपावते तेव्हा अंग वर उचललं जातं. बार खांदे, छाती किंवा मांड्यांवर नीट टेकलेला असेल तरच ते आवरलं जातं. पोटाशी अडून तो वरच राहिला तर मांडी आणि बार यांच्यात फट राहते आणि त्या फटीतून माणूस निसटू शकतो. म्हणून बार ठरावीक खाचेपर्यंत आल्याशिवाय गाडी सुटू नये अशी यंत्रणा असते. यात वजनाचा आकडा एकटा ठरवत नाही. छातीचा घेर, मांडीची जाडी, धडाची उंची हे सगळं त्यात येतं. तुमच्याइतक्याच वजनाची दुसरी बाई कदाचित त्याच आसनात बसली असती, आणि एखादा सडपातळ पण फार उंच माणूस बसला नसता.

अमेरिकेत ऑरलँडोमध्ये २४ मार्च २०२२ रोजी काय झालं ते सांगतो. उंच मनोऱ्यावरून आसनं खाली सोडणाऱ्या राइडवरून चौदा वर्षांचा एक मुलगा निसटून पडला आणि गेला. निर्मात्याच्या पुस्तिकेत कमाल वजन १३० किलो दिलेलं होतं, मुलगा त्याहून बराच जड होता. तपासात निघालं की काही आसनांचे सेन्सर हातानं बदलून ठेवले होते, त्यामुळं बार नेहमीपेक्षा जास्त उघडा असतानाही यंत्रणा हिरवा दिवा देत होती. त्या पोराला कुणीतरी ‘तुला बसता येणार नाही’ म्हणायला हवं होतं. म्हणून ताई, पुन्हा कधी कुठं गेलात आणि कुणी ‘थोडं सैल राहिलं तरी चालतंय, बसा’ म्हणालं, तर तुम्ही स्वतःच उतरा. आणि त्या दोन मुलांनी अंगावर जोर देऊन बार दाबला, तेही चुकलंच. एकदा सावकाश बसवून पाहायचं आणि नाही लागला तर थांबायचं, एवढंच त्यांचं काम होतं.

आता भेदभावाचं. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकानं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान या कारणांवरून कुणालाही मज्जाव करता येत नाही. वजन त्या यादीत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. त्यात लठ्ठपणा नाही, थायरॉइडही नाही. तुम्हाला चालण्याफिरण्याचं प्रमाणित अपंगत्व असतं तर गोष्ट वेगळी होती, कारण मग शक्य ती सोय करून देण्याची अपेक्षा त्या कायद्यात आहे. न्यूयॉर्क शहरानं २०२३ मध्ये वजन आणि उंचीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी करणारा कायदा केला. तसा कायदा आपल्याकडं नाही. तो व्हावा असं मला मनापासून वाटतं, पण तुमची तक्रार आज आहे त्या कायद्यातच बसवावी लागेल.

आणि ती बसते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चं कलम २(११) बघा. सेवेतली त्रुटी म्हणजे काय, हे तिथं सांगितलं आहे. सेवा देण्याच्या पद्धतीतला उणेपणा तर त्यात आहेच, पण ग्राहकाला आवश्यक माहिती जाणूनबुजून न देणं हीसुद्धा त्रुटी, असं कायदा स्पष्ट म्हणतो. तुमची केस या वाक्यावर उभी राहील. कोणत्या घेराच्या माणसाला बार लागत नाही, हे पार्कला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. निर्मात्याची पुस्तिका त्यांच्याकडं असते, आणि तुमच्याआधी किती जणांना उतरवलं असेल हेही त्यांना ठाऊक असतं. तरीही वेबसाइटवर, तिकिटावर किंवा रांगेच्या तोंडाशी एकही आकडा नाही. ‘काही राइड्सवर शारीरिक निर्बंध’ या शब्दांतून कोणती राइड आणि किती घेर, यातलं काय कळतं?

यावर ते म्हणतील, प्रत्येकाचं माप आधी कसं घेणार? त्याचं उत्तर त्यांच्याच फाटकात उभं आहे. लहान मुलांसाठी रांगेच्या सुरुवातीलाच उंचीची पट्टी असते. पोर पट्टीखाली उभं राहतं, डोकं रेषेला लागलं नाही तर तिथूनच मागं फिरतं. त्याला दोन तास उभं करून, वर नेऊन, आसनात बसवून मग कुणी उतरवत नाही. मोठ्यांसाठीही असं करता येतं. परदेशातल्या अनेक पार्कमध्ये रांगेच्या बाहेर राइडचं एक खरं आसन ठेवलेलं असतं, बारसकट. ज्याला शंका असेल त्यानं बसून पाहायचं, लागला तर रांगेत जायचं. तुमच्या तिकिटाचा फोटो, बुकिंगचा ईमेल आणि त्या राइडच्या वेबसाइटवरच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह आजच काढून ठेवा. नोटीस गेल्यावर ते पान बदलू शकतं.

तिकिटामागच्या मजकुरानं घाबरू नका. बारीक अक्षरात काहीही छापलं की ते ग्राहकावर बंधनकारक, असं नसतं. मद्रास उच्च न्यायालयासमोर १९६० च्या दशकात एका लाँड्रीचं प्रकरण आलं होतं. कपडा हरवला तर किमतीचा अगदी थोडा हिस्साच देऊ, असं पावतीमागं छापलं होतं. ती अट न्यायालयानं मानली नाही. मात्र एक खाचखळगा सांभाळा. ‘हा करारच अन्याय्य आहे’ असा मुख्य मुद्दा केलात तर नव्या कायद्याप्रमाणं तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, राज्य ग्राहक आयोगात न्यावी लागते. म्हणून आपला भर सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा यांवर ठेवायचा, म्हणजे काम सोलापुरातच राहतं.

माइकचं जे घडलं त्यानं मला सगळ्यात जास्त राग आला. आपल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत तुम्ही लहानपणापासून पाळण्यात बसला असाल. माणसं चढवताना पाळणेवाला कुणाला कुठल्या पाळण्यात बसवायचं याचा अंदाज घेतच असतो, तोल राहायला हवा म्हणून. हातानं खूण करतो, ‘ताई, तुम्ही पुढच्यात,’ म्हणतो, आणि पाळणा फिरतो. वजनाकडं बघणं हे त्याच्या कामातच आहे, त्याचा पुकारा करणं नाही. जवळ येऊन हळू आवाजात ‘बार लागत नाहीये, इकडून या,’ एवढं सांगायला त्या मुलाचं काय जात होतं? नोकरानं कामावर असताना केलेल्या वागणुकीची जबाबदारी मालकावर येते. ‘तो मुलगा नवीन होता’ हा बचाव होत नाही, नवीन मुलाला शिकवणं मालकाचंच काम आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये जीजा घोष यांच्या प्रकरणात, सेरेब्रल पाल्सी (हालचालींवर परिणाम करणारा मेंदूचा विकार) असलेल्या महिलेला विमानातून उतरवल्याबद्दल विमान कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तो निकाल दिव्यांगांच्या हक्कांचा आहे, तुम्हाला जसाच्या तसा लागू होणार नाही. पण सेवा देताना माणसाची प्रतिष्ठा जपायची असते, हे त्यात ठासून सांगितलं आहे, आणि युक्तिवादात मी तो नक्की ठेवीन.

पोलिसांत जावं का, असं तुम्ही विचारलं नाही, पण भावकीतलं कुणीतरी सुचवेलच. भारतीय न्याय संहितेत स्त्रीच्या विनयाचा अवमान आणि बदनामी यांची कलमं आहेत, पण ‘बसत नाहीत’ या वाक्यातून तसा हेतू सिद्ध करणं कठीण जाईल. माझा सल्ला, त्या वाटेला जाऊ नका. रील मात्र उतरवायला लावा. इन्स्टाग्राम असो की दुसरं काही, ‘रिपोर्ट’ करा आणि त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. असा अधिकारी नेमणं त्यांना बंधनकारक आहे. पण त्याआधी रीलची एक प्रत आणि लिंक जपून ठेवा. जे बघून तुम्हाला रडू आलं, तोच आयोगासमोर तुमचा सगळ्यात चांगला साक्षीदार आहे, कारण माइकवरचे शब्द त्यात ऐकू येतात. प्रत दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं प्रमाणपत्र जोडायचं असतं, त्याचा नमुना कायद्यातच दिला आहे. पार्कच्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण काही दिवसांनी पुसलं जातं, तेव्हा तो भाग राखून ठेवा असा ईमेल आजच त्यांना टाका. उशीर झाला असला तरी टाका, उत्तर आलं नाही तर तेही आपल्या कामाला येतं.

मग नोटीस. स्पीड पोस्टानं आणि ईमेलनं, पंधरा दिवसांची मुदत देऊन. भाषा साधी ठेवा, शिव्याशाप नकोत, तारीख, वेळ, राइड आणि वाक्यं जशीच्या तशी लिहा. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवून क्रमांक घेतलात तर उत्तम. पुष्कळदा कंपन्या तिथंच तिकिटाचे पैसे परत करून मोकळ्या होतात. नाहीच झालं तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात या. पार्क कुठंही असो, तक्रारदार जिथं राहतो तिथं तक्रार करायची मुभा २०१९ च्या कायद्यानं दिली आहे, त्यासाठी त्यांच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावायलाच हवा असंही नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. इतका वेळ आहे म्हणून थांबू नका, साक्षीदारांच्या आठवणी तेवढं थांबत नाहीत. मुलाचं तिकीट वेगळं असेल तर त्याच्या वतीनं पालक म्हणून तुम्हीच तक्रारीत या, त्याचीही राइड गेली आहे.

पैशाचा अंदाज स्पष्टच सांगतो. तिकिटांची पूर्ण किंवा काही रक्कम, मानसिक त्रासाबद्दल काही हजार आणि खर्च, एवढं धरून चला. कुणी लाखांची आशा दाखवत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

मोठी आसनं बसवायला लावता येतील का, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आजच्या कायद्यात ‘नाही’ असं आहे. चालू राइडचं आसन आयोगाच्या हुकमानं रुंद करता येत नाही आणि करूही नये. बार, आसन आणि गाडीचं वजन यांचं गणित निर्मात्यानं एकत्र बांधलेलं असतं, त्यात कुणी परस्पर हात घातला तर काय होतं ते ऑरलँडोत दिसलं. पण निर्मात्याकडून रीतसर बदल करून घेता येतो. त्याच ऑरलँडोतल्या युनिव्हर्सल पार्कनं २०१० मध्ये एका नव्या राइडबद्दल जाड प्रेक्षकांच्या तक्रारी आल्यावर काही आसनांत बदल करून घेतले आणि बाहेर नमुन्याचं आसन ठेवलं. तिकीट घेणाऱ्यांत तुमच्यासारख्या अंगाची माणसं कमी नाहीत. नवी राइड मागवताना दर गाडीत चार मोठी आसनं मागा, एवढं पार्कवाल्यांना कळायला हवं, आणि लोकांनी लेखी मागणी केल्याशिवाय ते कळणार नाही.

आयोगाला मात्र अनुचित प्रथा बंद करण्याचा आदेश देण्याचा अधिकार आहे, आणि तिथं तुमची तक्रार पैशापलीकडं जाऊ शकते. तक्रारीतल्या विनंतीच्या कलमात, म्हणजे आयोगाकडं काय मागता ते लिहायच्या भागात, पैशांच्या खाली या तीन मागण्या घाला: प्रत्येक राइडचं माप वेबसाइटवर आणि तिकीट खिडकीवर मराठीतून लावावं, रांगेच्या तोंडाशी नमुन्याचं आसन ठेवावं, आणि कुणालाही उतरवताना माइक वापरू नये. मंजूर होतील की नाही ते आयोग बघेल. पण मागितल्या नाहीत तर मिळणारच नाहीत, म्हणून कच्च्या मसुद्यातही त्या गाळू नका.